लोकांनी लावलेलं गाणं

त्याला सगळे पेटीवाला म्हणत. पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. नाणं टाकून बटण दाबलं की गाणं वाजवणारी काचेची, रंगीत दिव्यांची, माणसाच्या छातीएवढी उंच पेटी, ज्यूकबॉक्स. कॅफेत, खानावळीत, बसस्थानकाच्या कँटीनमध्ये, जिथे म्हणून माणसं दोन घटका टेकत तिथे पेटीवाल्याच्या मालकाने एकेक पेटी भाड्याने ठेवलेली होती, आणि त्या सगळ्यांची देखभाल या एका माणसाच्या गळ्यात होती. सायकलला लटकवलेल्या बॅगेत स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी, मऊ फडकं आणि त्या आठवड्याच्या नव्या तबकड्या घेऊन तो गावभर हिंडे. बिघाड काढायचा, काच पुसायची, नव्या तबकड्या चढवायच्या आणि जुन्यांपैकी ज्या चालत नाहीत त्या उतरवायच्या. हे शेवटचं काम करताना मात्र त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होई.

कुठली चालते आणि कुठली नाही हे ठरवायला अक्कल लागत नसे. पेटीचं मागचं दार उघडलं की प्रत्येक तबकडीचं एक चिमुकलं आकड्यांचं चाक दिसे. गाणं वाजलं की चाक एक घर पुढे सरके. ज्या चाकाचा आकडा सगळ्यात कमी, ती तबकडी बाहेर. मालकाचा या चाकांवर देवावर असावा तसा विश्वास होता. "मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही," तो छाती फुगवून सांगे, "आणि कळायची गरजही नाही. लोक सांगतात, चाक ऐकतं, मी करतो."

लोक सांगतात! लोकांना काय आवडतं हे आधी लोकांनाच कुणीतरी सांगावं लागतं. रेडिओने एकच गाणं सकाळ-संध्याकाळ डोक्यात ठोकलं की चार दिवसांनी तेच गोड लागायला लागतं. बाकीच्यांनी मग काय करायचं? कुणाचं गाणं नेमकं एखाद्या बड्या गायकाच्या गाण्याबरोबर बाजारात आलं आणि त्याच्या पायाखाली तुडवलं गेलं. कुणाच्या तबकडीवर कंपनीने सपक गाणं पुढच्या बाजूला घेतलं आणि जीव ओतून गायलेलं मागच्या. तबकडी उलटून बघायचे कष्ट कोण घेतो? तिघा भावांचा एक गट होता, दिवसा घरं रंगवणारे. तिघांचे आवाज एकमेकांत असे मिसळत की कुठला कुणाचा ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं. त्यांची तबकडी निघाली आणि कंपनीचं वितरकाशी वाजलं, गठ्ठे गोदामातच राहिले. आणखी एका गाण्यात सॅक्सोफोनवाला आत्ता कुठे रंगात येत होता, तोच त्याचा आवाज हळूहळू बारीक करून गाणं संपवून टाकलेलं. का, तर तबकडीवरची जागा संपली. दुकानदार संगीताचा प्रकार म्हणून यांतल्या काहींवर पॉप अशी चिठ्ठी लावत, काहींवर सोल. मालकाच्या लेखी सगळ्याचं नाव एकच, भंगार.

ते भंगार पेटीवाला घरी नेई. मालकाने कधी ना म्हटलं नाही, उलट कचरा परस्पर जातोय म्हणून तो खूशच होता.

घरी होती ताई. नवरा वारल्यावर धाकट्या भावाकडे येऊन राहिलेली, मनाने प्रेमळ, जिभेने तिखट. दार उघडता उघडता तिची नजर बॅगेकडे जाई. "आणलंस का आणखी एक अनाथ? माणसं बायको आणतात, मुलंबाळं आणतात, हा पडेल गाणी आणतो. त्यांना कुणी विचारत नाही, तुला कुणी विचारत नाही. छान जमलंय हो तुमचं." तो नुसता हसे. रात्रीचं जेवण आटपलं की तो नवी आणलेली तबकडी लावी आणि ताई विणता विणता ऐके. गाणं संपलं की तिचे हात थांबत. "चांगलं होतं की रे. का नाही चाललं?" मग ती तिच्या खोलीत जाई आणि तो त्याच्या.

मालकाची स्वतःचीही एक तबकड्यांची कंपनी होती. नाव मोठं आणि लक्षण असं की दुरुस्तीच्या कारखान्यामागची एक खोली, भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली. तिथे स्वस्तात गाणी भरायची आणि आपल्याच पेट्यांत लावायची असा त्याचा हिशेब. त्या खोलीत एका सुट्टीच्या दिवशी एक बाई येऊन गाऊन गेली. ती मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तबकडीवर तिचं नाव छापलं होतं, पण कारखान्यात आणि पुढे गावातही तिला लाँड्रीवालीच म्हणत.

तबकडी छापून आली तेव्हा ती तपासायचं काम पेटीवाल्याचं. त्याने सुई टेकवली. आधी नुसता बास गिटारचा खर्ज, मग कुठून तरी तिचा आवाज, शेजारच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलेलं असावं इतका हळू. गाणं साधंच होतं. एक बाई कामावरून घरी आली आहे. दिवा न लावता, पायांतले बूट न काढता ती खाटेवर बसली आहे, आणि दिवस कसा गेला असं कुणी विचारलं तर काय सांगायचं याची मनाशी जुळवाजुळव करते आहे. कुणी विचारत नाही. पेटीवाला तपासायचं विसरून उभा राहिला. रोज संध्याकाळी सायकल जिन्याखाली लावताना जे वाटतं, जे ताईलाही कधी सांगता आलं नाही, ते या न पाहिलेल्या बाईला माहीत होतं. त्याला रडू आलं. कारखान्यात कुणी नव्हतं म्हणून त्याने ते येऊ दिलं.

गाणं चाललं नाही. चालणार कसं? कपबशांच्या खणखणाटात पहिलं कडवं वाहून जाई, आणि काहीतरी वाजतंय हे लोकांच्या लक्षात येईपर्यंत गाणं अर्ध्यावर आलेलं असे. पुढच्या फेरीला पेटीवाल्याने मागचं दार उघडलं तर लाँड्रीवालीचं चाक जेमतेम दोन घरं सरकलेलं, सगळ्यांच्या मागे. नियमाप्रमाणे तबकडी बाहेर. त्याने हात घातला, आणि हात आखडता घेतला.

पेटीच्या आत कारागिरासाठी एक बटण असतं. नाणं न टाकता कुठलंही गाणं वाजवून बघता येतं. चाक मात्र तेव्हाही सरकतं, त्याला नाणं आणि बोट यांतला फरक कळत नाही. सकाळची वेळ होती, कॅफेतल्या खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, गल्ल्यामागे कॅफेची मालकीण भाजी निवडत बसलेली. पेटीवाल्याने ते बटण दाबलं आणि गाणं ऐकत काच पुसली. मग पुन्हा दाबलं. त्याला एवढंच हवं होतं की चाक तळातून थोडं वर यावं आणि तबकडीला आणखी एक आठवडा मिळावा. पण दुसऱ्या कॅफेतही तीच गत, तिसऱ्या खानावळीतही. जाईल तिथे तो काच पुसायला नको इतका वेळ लावू लागला. गाणं संपलं की वाटे, एकदाच आणखी. आणि खरं सांगायचं तर चाकाचं निमित्त कधीच मागे पडलं होतं. सकाळच्या रिकाम्या कॅफेत तिचा आवाज ऐकत उभं राहणं हाच त्याच्या दिवसातला गोड घास झाला होता. चाकं किती पुढे गेली हे त्याने बघितलंच नाही.

बघितलं ते मालकाने. सहज म्हणून एका पेटीचं दार उघडलं आणि त्याचे डोळे विस्फारले. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे लाँड्रीवाली पहिली! नाण्यांचा डबा नेहमीसारखाच भरलेला होता, आणि कुठलं नाणं कुठल्या गाण्याचं हे काही नाणं सांगत नाही. मालकाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने तिला बोलावून घेतलं, एक पेटी उघडून तिला चाक दाखवलं. म्हणाला, "बघ, तुझं तूच वाच. गाव वेडं झालंय तुझ्यापायी. त्या चादरी दे सोडून. दुसरी तबकडी काढू, व्हायोलिनवाले आणू, गावोगाव कार्यक्रम लावू." मालकाने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि स्वतः तर तो आधीच शेंड्यावर बसला होता.

पेटीवाला तेव्हा कोपऱ्यात एक मोटर खोलून बसला होता. मालक फोन घ्यायला आत गेला तशी ती त्याच्यापाशी आली. मनगटावर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग, अंगात झिजलेला कोट.

"तुम्हीच पेट्या बघता ना?" तिने विचारलं. "खरंच लावतात का हो लोक माझं गाणं? मालकांचं सोडा, ते काय, बोलणारच. तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर मी उद्या राजीनामा देईन."

तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, ही भीती होतीच. पण तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं होतं ते आपल्या हाताने विझवायचं त्याच्या जिवावर आलं, हे त्याहून खरं.

"लावतात," तो म्हणाला.

तिने नोकरी सोडली. दुसरी तबकडी निघाली, व्हायोलिनं, टाळ्या, धावता ठेका, आणि त्या सगळ्या गर्दीत कुठेतरी ती. पेटीवाल्याला ती तबकडी आवडली नाही. शिवाय आधीच्या प्रकाराने त्याची पाचावर धारण बसली होती. त्याने कानाला खडा लावला आणि बटणापासून बोट लांब ठेवलं. प्रामाणिकपणा त्याला नेमका नको त्या वेळी सुचला. चाकं ढिम्म हलली नाहीत, दुकानांतून गठ्ठे जसेच्या तसे परत आले, कार्यक्रम एकही झाला नाही. धुलाईखान्यात तिची जागा भरली गेली होती. मालकाने काय बोलून तिला वाटेला लावलं ते पेटीवाल्याला कळलं नाही, त्या दिवशी तो मुद्दाम लांबच्या खानावळीत गेला होता. नंतर कळलं ते एवढंच की ती गाव सोडून गेली.

ताईला त्याने हे कधी सांगितलं नाही. पण घरी आणलेली लाँड्रीवालीची तबकडी फळीवरून निघेनाशी झाली हे तिच्या ध्यानात आलंच. "भांडलास का रे तिच्याशी?" तिने एकदा थट्टेने विचारलं. तो उठून बॅग आवरायला लागला, आणि ताईने पुन्हा विषय काढला नाही.

मग जे व्हायचं ते झालं. पेट्या गेल्या, मालक गेला, आणि एका हिवाळ्यात ताईही गेली. तिच्या विणायच्या सुया त्याने टोपलीत तशाच राहू दिल्या. घरात बोलायला कुणी उरलं नाही. भिंतभर तबकड्या होत्या, पण एकट्याने लावली आणि गाणं संपल्यावर "का नाही चाललं?" असं विचारणारंच कुणी नसेल तर लावायची तरी कशाला? तो हळूहळू नुसत्या पुसून ठेवू लागला.

आणि अशात एक दिवस दारात जुन्या तबकड्यांचा एक दुकानदार उभा राहिला. दाढीवाला, बडबड्या, पण कानाचा पक्का. आता म्हणे दिवस फिरले होते. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं अशीच गाणी लोक शोधत फिरत होते. अशा पडेल गाण्यांचा एक संच नव्याने काढायचं त्याच्या मनात होतं. फळ्या बघून तो मटकन खालीच बसला. रंगाऱ्या भावांचं गाणं ऐकून त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हे चाललं कसं नाही?" ताईनंतर हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. पेटीवाल्याला भरून आलं, त्याने त्या माणसाला आग्रहाने दुसरा कप कॉफी पाजली.

लाँड्रीवालीची तबकडी मात्र दुकानदाराने लागोपाठ दोनदा ऐकली. "संचात हे सगळ्यात पहिलं," तो म्हणाला. त्याने गाणं उतरवून घेतलं, शोधाशोध केली, आणि एक दिवस पत्ता घेऊनच आला. ती होती. शेजारच्याच शहरात, एकटीच. तिच्याकडे स्वतःची तबकडी नव्हती, कित्येक वर्षांत तिने ती ऐकलीही नव्हती. "मी तिला एक छोटं यंत्र देऊन आलोय. तबकडी तुम्ही घेऊन जा," तो म्हणाला, "तुम्ही जपलीत, तो मान तुमचा."

बसमध्ये पेटीवाल्याने मनाशी पक्कं केलं, आज सांगून टाकायचं. बाई, तुमचं गाणं गावाने लावलं नव्हतं, मी लावलं होतं. माझ्यापायी तुमची नोकरी गेली. आणि हेही सांगायचं की ते गाणं नसतं तर त्या वर्षांत माझं काय झालं असतं देव जाणे. सांगून झालं की तिने दार लावून घेतलं तरी चालेल. आयुष्यात एका माणसाला तरी हे कळायला हवं होतं.

तिची खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर कुणाची तरी पँट पाय आखूड करायला लावलेली. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच, हळू.

"या, या पेटीवाले. त्या दुकानदाराने सांगितलं तेव्हा विश्वासच बसेना. बसा. ती पँट सरकवा हो जरा."

तो बसला. तबकडी मांडीवर धरून वाक्याची सुरुवात शोधू लागला. पण बोलली तीच.

"नंतर दुसरीकडे धुलाईखान्यातच लागले. चादरी काय, सगळीकडे सारख्याच. लोकांना वाटायचं मी मनाने खचले असेन. नाही खचले. मालकांनी मला ते चाक दाखवलं होतं ना! दुसरं गाणं पडलं, पडू दे, ते होतंच टुकार. पण पहिलं गावाने लावलं होतं. ओळख ना पाळख, पण कुणीतरी खिशातून नाणं काढून माझं गाणं लावलं. एकाने नव्हे, गावाने. कधी बसमध्ये गर्दी असली की मी चेहरे बघायचे. वाटायचं, यांतलं कुणीही असेल. त्यावर मी दिवस काढलेत, खोटं नाही सांगत."

पेटीवाल्याने मांडीवरच्या तबकडीच्या पाकिटाची कड सरळ केली.

"एकच गोष्ट मेली सलते," ती पुढे म्हणाली. खाली बघत ती पँटचा दोरा ओढत होती. "मला काढताना मालक रागाच्या भरात म्हणाले होते, चाकांशी कुणीतरी खेळलंय. माझ्याशिवाय किल्ली एकट्या पेटीवाल्याकडे असते, त्यालाच तुझं गाणं आवडलं असेल, त्यानेच बसून वाजवलं असेल. मी म्हटलं, काहीतरीच. पण मनात राहिलं ते. आज तुम्ही आलात, तबकडीही इतकी वर्षं जपलेली..." तिने मान वर केली. "खरं सांगा हं. तुम्हाला आवडायचं का माझं गाणं?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं ते अशा वेळी. हो म्हटलं की तिचं आख्खं गाव, बसमधले सगळे चेहरे, एका क्षणात पुसले जाणार होते, आणि त्यांच्या जागी उरणार होता एक म्हातारा, हातात फडकं घेतलेला.

"मला?" तो हसला. कसा हसला त्याचं त्यालाच माहीत. "छे हो. मला गाण्यातलं काय कळतंय? माझं लक्ष यंत्राकडे. आणि राग मानू नका, पण तुमचा आवाज इतका बारीक लागायचा की मला धड ऐकूही यायचं नाही. तबकडीचं म्हणाल तर माझ्याकडे सगळं भंगारच साठलंय, त्यात निघाली. लोक मात्र लावायचे. बसचे ड्रायव्हर लावायचे. इस्पितळातल्या नर्सा ड्यूटी संपली की यायच्या, त्या लावायच्या. एका कॅफेची मालकीण तर मला बजावायची, तेवढं गाणं काढायचं नाही म्हणून."

ती ऐकत गेली तसतसा तिचा जीव भांड्यात पडत गेला. मग ती खुदकन हसली. "देवा! किती वर्षं उगाच मनात घेऊन बसले होते. द्या इकडे ती तबकडी. आज नीट ऐका, कपबशा नाहीत इथे."

तिने सुई टेकवली. पेटीवाला ताठ बसून राहिला. परक्याच्या घरी नावडता पदार्थ वाढलेला माणूस बसतो तसा चेहरा त्याने केला, आणि गाणं संपेपर्यंत तो तसाच ठेवला. एकदाच खिडकीबाहेर बघावं लागलं, तेव्हा ती डोळे मिटून ऐकत होती.

"काय?" गाणं संपल्यावर तिने विचारलं. "आज तरी?"

"ठीक आहे," तो म्हणाला.

तिला त्याची कीवच आली असावी. तिने त्याच्या हातावर हलकेच थोपटलं.

"असू दे हो. एका माणसाला नाही आवडलं म्हणून काय झालं? बाकी गावाला आवडलं होतं ना?"

"हो," पेटीवाला म्हणाला, "बाकी सगळ्या गावाला आवडलं होतं."